कोणता आकडा आला तर चूक मानाल?

बियाण्यांच्या उगवण चाचणीचं काम चालू असताना एक गृहस्थ दावा घेऊन आले: चुंबकाजवळून नेलेलं पाणी दिलं की गहू जास्त उगवतो. जास्त म्हणजे किती? "फरक दिसतोच की!" पण अशा ‘जास्त’मध्ये एक बीसुद्धा बसते, आणि मग दावा कधी हरतच नाही. तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी 1934 मध्ये विज्ञानाची जी कसोटी मांडली (दावा असा हवा की तो खोटा ठरू शकेल), तिच्यापाशी घोडं इथेच अडतं.

बरीच घासाघीस झाल्यावर ते "शंभरात दहा तरी" यावर आले. मग बेत ठरला. दोन्ही पाण्यांना 400-400 बिया, शंभराच्या चार-चार कागदी गुंडाळ्या, 20 अंश सेल्सिअस, मोजणी आठव्या दिवशी. या गव्हाची उगवण 85 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे दोन गटांत वीसेक बियांचा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो. दावा खरा असेल तर फरक चाळीसच्या आसपास यायला हवा. म्हणून रेघ 20 वर आखली (फरक त्याहून कमी आला तर दावा हरला), आणि आधीच सही घेतली. बाटल्यांवर ‘क’ आणि ‘ख’ तिसऱ्याच माणसाने लिहिलं, आणि कोणतं पाणी कोणतं ते लिफाफ्यात बंद केलं. मोजणाऱ्याला पाणी कोणतं ते कळलं, तर वाकड्या कोंबाची रोपं हमखास आवडत्या बाजूला मोजली जातात.

लिफाफा उघडला. चुंबकाचं पाणी 341, साधं 346.

"चुंबकाची शक्ती उतरली असेल." यावर हसू नये. युरेनसची कक्षा चुकली तेव्हा न्यूटनचा नियम कोणी टाकून दिला नाही; फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिएने अज्ञात ग्रह गृहीत धरून त्याची जागा सांगितली आणि 1846 मध्ये गाले यांना नेपच्यून त्या जागेपासून एका अंशाच्या आत सापडला. बुधाच्या कक्षेतल्या फरकासाठी ल व्हेरिएनेच तशीच युक्ती केली, पण तो गृहीत ग्रह ‘व्हल्कन’ कधीच सापडला नाही. शतकाला 43 विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) तो फरक 1915 मध्ये आइनस्टाइनच्या सिद्धांताने सुटला. सबब चालते, पण तीही तपासता आली पाहिजे. ही येत होती: चुंबकाची शक्ती मोजणारा गॉसमीटर लावला, चुंबक खोक्यावरच्या आकड्याइतकाच निघाला.

मग त्यांच्याकडून कळलं, शंका घेणाऱ्याच्या हाताने पाण्याचा गुण जातो. बरं, बिया तुम्हीच लावा, आम्ही खोलीबाहेर थांबतो.

"पण मोजणार तुम्हीच ना?"