आमची वाटचाल : जुळणी-किटपासून रिव्हर्ब पेडलपर्यंत

पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीतून सुटे भाग आणायचे आणि हौशी गिटारवादकांसाठी ओव्हरड्राइव्ह पेडलची (गिटारचा आवाज फाटका, दमदार करणाऱ्या पायाखालच्या डबीची) किट तयार करायची, अशी आमच्या उद्योगाची सुरुवात झाली. रिव्हर्बकडे, म्हणजे आवाजाला घुमणारी शेपटी देणाऱ्या परिणामाकडे, आम्ही उशिरा वळलो, कारण त्यासाठी लागणारी स्प्रिंगची टाकी पायाखालच्या डबीत मावत नाही. पीटी२३९९ या आवाज लांबवणाऱ्या (डिले) तीन चिप एकत्र बसवलेले बेल्टनचे तयार मॉड्यूल हाती आल्यावर ती अडचण दूर झाली आणि मॉड्यूलच्या अलीकडच्या-पलीकडच्या सर्किटचे काम तेवढे आमच्याकडे उरले.

ग्राहकांचा पहिला प्रश्न ओपॅम्पचा, म्हणजे आवाजाचा सिग्नल वाढवणाऱ्या चिपचा असतो. डेटाशीटवर एनई५५३२ या ओपॅम्पचा व्होल्टेज नॉइज (चिपची स्वतःची खरखर) टीएल०७२ या दुसऱ्या ओपॅम्पपेक्षा बराच कमी दिसतो, त्यामुळे तोच सर्वत्र बसवावा असा आग्रह होतो. परंतु गिटारच्या पिकअपचा (तारांचे कंपन विजेत बदलणाऱ्या भागाचा) इम्पिडन्स, म्हणजे प्रवाहाला होणारा विरोध, वरच्या स्वरांकडे खूप वाढतो, आणि तेथे ५५३२ चा करंट नॉइज त्या इम्पिडन्समधून वाहून खरखर वाढवतो. शिवाय त्याचा सुमारे २०० नॅनोअँपिअरचा बायस करंट (इनपुटला सतत लागणारा अल्प प्रवाह) १ मेगाओहमच्या रेझिस्टरवर ०.२ व्होल्टचा फरक पाडतो. म्हणून इनपुटला आम्ही जेफेट इनपुटचा, म्हणजे जवळजवळ बायस करंट न घेणारा, टीएल०७२ ठेवतो. रेझिस्टर लहान असलेल्या मिक्सिंगच्या टप्प्यात मात्र ५५३२ शोभतो. तो करंट जास्त घेतो खरा, पण मॉड्यूलची भूक पाहता हे पेडल बॅटरीवर चालवण्यात तसाही अर्थ नाही.

दोन्ही चिपची पिनरचना सारखीच असल्याने किटमध्ये आम्ही सॉकेट देतो, हौसेला मोल नाही. आमच्या कानांना मात्र चिप बदलण्यापेक्षा एक कपॅसिटर बदलल्याचा परिणाम कितीतरी अधिक जाणवतो. टोनचे बटण आम्ही फक्त रिव्हर्बच्या वाटेवर ठेवले आहे, मूळ आवाजाला त्याचा स्पर्श होत नाही. १० किलोओहमचा रेझिस्टर, त्याच्यापुढे २५ किलोओहमचे पॉट (बटणाने फिरवता येणारा रेझिस्टर) आणि ४.७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर घेतल्यास वरचा छेद (ज्याच्या वरचे स्वर दबत जातात ती मर्यादा) सुमारे ३.४ किलोहर्ट्झपासून ९७० हर्ट्झपर्यंत खाली आणता येतो. मॉड्यूलच्या शेपटीत ऐकू येणारी धातूसारखी किणकिण त्यात बुजते. खालच्या बाजूला २२ नॅनोफॅरड आणि ४७ किलोओहमची जोडी १५० हर्ट्झच्या आसपास छेद देते, त्यामुळे ८२ हर्ट्झच्या जाड तारेचा घुमारा रिव्हर्बमध्ये साचत नाही. गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या ग्राहकांना हा बदल विशेष भावला, कारण मंडपात बास आधीच भरपूर असतो.

सध्या प्रत्येक किटसोबत, टोनच्या ४.७ नॅनोफॅरडच्या जागी लावून पाहण्यासाठी, ३.३ आणि ६.८ नॅनोफॅरडचे दोन जादा कपॅसिटर आम्ही पाकिटात घालतो.