तुम्ही विचारलंत म्हणून: पावसाने थांबलेल्या नॅसकारच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मोटारींच्या शर्यतीला मी बसून का राहतो?

चिपळूणचे माझे मामा हा प्रश्न दर फेब्रुवारीत विचारतात. ओरलँडोतले मराठी मित्र विचारतात, तेव्हा त्यात थोडी कीव असते. मामांच्या प्रश्नात निव्वळ अपमान असतो. "अरे, चार थेंब पडले म्हणून गाड्या बंद? आमची एसटी कुंभार्ली घाट भर जुलैत चढते!"

मामांना मी पहिल्यांदा जे उत्तर दिलं तेच इथे देतो. "मामा, आपल्या जुन्या घराचं कौलारू छप्पर आठवा. पाऊस पडत असताना तुम्ही त्यावर कधी चढलात?" मामा गप्प झाले. छपरावर चढायचं ते मे महिन्यात, कौलं चाळायला; पाऊस सुरू झाल्यावर गळकं कौल दिसलं तरी खाली बादली ठेवायची, वर जायचं नाही, हा त्यांचाच नियम.

फ्लोरिडातल्या डेटोनाचा ट्रॅक वळणांवर 31 अंशांत उभा केलेला आहे. टीव्हीवर हा उतार कळतच नाही. प्रत्यक्ष पाहिलात तर माणसाला त्यावर धड चालता येणार नाही, हे लगेच समजतं. 1959 मध्ये सुरू झालेला हा ट्रॅक बांधताना एवढ्या उतारासाठी माती आतल्या मैदानातूनच उपसली, आणि त्या खड्ड्याचं तळं झालं, ते आजही तिथे आहे. अडीच मैलांची, म्हणजे चार किलोमीटरची एक फेरी. चाळीस गाड्या, ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास, एकमेकींच्या मागच्या बंपरला जवळपास चिकटून. मागच्या ड्रायव्हरला पुढच्या गाडीपलीकडचं काही दिसत नाही, तो वरून दुर्बीण लावून बघणाऱ्या आपल्या माणसाच्या आवाजावर गाडी हाकतो. टायर मुळातच गोटा, एकही खाच नसलेले. कोरड्या डांबराला ते चिकटतात. ओल्या डांबरावर पाणी कापायला त्यांच्याकडे काही नाही. घाटातल्या एसटीच्या टायरला नक्षी असते आणि ती तीनशेने जात नाही, मामा.

खाचांचे टायर नसतात असं नाही. जून 2024 मध्ये न्यू हॅम्पशायरला ओल्या ट्रॅकवर असे टायर लावून शर्यत पूर्ण केली आणि ख्रिस्तोफर बेल जिंकला. पण तो ट्रॅक जेमतेम एक मैलाचा आणि उताराने बराच सपाट. डेटोना आणि अलाबामातलं टॅलाडेगा, या दोन अजस्र ट्रॅकवर मात्र पाऊस म्हणजे थांबा.

आता बसून राहण्याबद्दल. माझी पहिली वेळ 23 फेब्रुवारी 2014 ची, डेटोना 500 ची; फेब्रुवारीतली मोठी शर्यत ती हीच. ऑफिसातला एक अलाबामाचा सहकारी म्हणाला, चल, एकदा बघ तरी. मी टोपी आणि सनस्क्रीन घेऊन गेलो. त्याच्या पिशवीत दोन प्लॅस्टिकचे रेनकोट, कोरडे मोजे आणि पत्त्यांचा कॅट होता. कोकणातला मी, आणि पावसाची तयारी त्याची! फ्लोरिडातला पाऊस मला तोवर ठाऊकच नव्हता म्हणायचा. आपला पाऊस आधी वर्दी देतो, वारा सुटतो, काळोख दाटतो, कुत्री घरात येतात. इथे स्टँडच्या एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला सर. 38 फेऱ्या झाल्या आणि लाल झेंडा आला, म्हणजे शर्यत पूर्ण थांबली. परिसरात टोर्नॅडोचा इशारा होता, त्यामुळे स्टँड रिकामे करायला सांगितलं. आम्ही हजारो माणसं खालच्या बोळांत दाटीवाटीने उभे. गाड्या पिटमध्ये, म्हणजे इंधन-टायरसाठी थांबायच्या गल्लीत, ताडपत्र्या पांघरून. लाल झेंड्यात गाडीला कुणी हात लावायचा नसतो. मेकॅनिकही आमच्यासारखेच हातावर हात ठेवून.

6 तास 22 मिनिटं.

त्या वेळात पत्त्यांचे किती डाव झाले ते मोजलं नाही. शेजारच्या कुटुंबाने शीतपेटीतलं तळलेलं चिकन वाटलं, एका आजींनी मला ट्रॅकच्या चारही वळणांची कुळकथा सांगितली. चौथ्या वळणाशी त्या थांबल्या. 2001 साली शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट हा नामांकित ड्रायव्हर अपघातात तिथेच गेला. आजी पुढे काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. गंमत म्हणजे टीव्हीवर त्या रिकाम्या वेळात आदल्या वर्षीची शर्यत दाखवत होते, आणि घरी बसलेल्या बऱ्याच जणांना ती आजचीच वाटली. 2013 चा विजेता जिमी जॉन्सन. त्याला लोकांनी अभिनंदनाचे संदेश पाठवून टाकले. तो मात्र आमच्यासारखाच पाऊस थांबायची वाट बघत होता.

पाऊस थांबला म्हणजे शर्यत सुरू, असंही नसतं. चार किलोमीटरचा तो उभा उतार वाळवायचा असतो. पूर्वी त्यासाठी फक्त जेट इंजिनं असत: ट्रकच्या मागे जोडलेली, डांबरावर गरम झोत मारत गोगलगाईसारखी फिरणारी. 2013 पासून दाबाची हवा मारून पाणी ढकलणारी आणि मग ते शोषून घेणारी यंत्रं आली, काम खूप लवकर होऊ लागलं. तरीही एक गोष्ट उरते. डांबराच्या भेगांत मुरलेलं पाणी ऊन पडल्यावरही उतारावरून हळूहळू पाझरत राहतं. श्रावणात उघडीप आली तरी आपल्या मागीलदारच्या गडग्यातून पाणी सुटत राहतं ना, तसं. ट्रॅकवरचे लोक त्या जागांना 'वीपर' म्हणतात, रडणाऱ्या. एक वीपर आटला नाही तरी चाळीस गाड्या उभ्या.

त्या वाळवणाऱ्या ट्रकांवरून 2012 ची आठवण निघतेच. त्या वर्षी रविवारची शर्यत पावसाने सोमवारी रात्री गेली. पिवळ्या झेंड्याखाली सगळं संथ चालू असताना हुआन पाब्लो मोन्टोयाच्या गाडीचं काहीतरी मोडलं, ती घसरत जाऊन थेट जेट ट्रकवर आदळली, आणि विमानाचं इंधन उतारावरून जळत खाली वाहू लागलं. मोन्टोया आणि ट्रकचा चालक दोघेही वाचले, म्हणून पुढचं सांगायला हसू येतं: ट्रॅक साफ केला तो कपडे धुण्याच्या टाइड पावडरीने. ब्रॅड केसेलोव्स्की थांबलेल्या गाडीतून फोनवर फोटो टाकत होता. मॅट केन्सेथ जिंकला तेव्हा मध्यरात्र उलटून मंगळवार लागला होता. हे मी घरी टीव्हीवर बघितलं आणि बायकोला उठवून दाखवलं. तिने एक डोळा उघडला आणि "टाइड?" एवढंच म्हणाली.

मला धरून ठेवणारं खरं कारण मात्र पावसातला जुगार आहे. अर्धी शर्यत झाली की ती अधिकृत धरतात (आता टप्प्यांची पद्धत आल्यापासून दुसरा टप्पा संपला तरी चालतं). त्यानंतर पाऊस आला आणि उघडलाच नाही, तर त्या क्षणी जो पुढे तो जिंकला. म्हणजे रडारवर ढग दिसायला लागले की चालकांचं डोकं वेगळं चालू लागतं. इंधन भरायला आत यावं की थांबावं? 2009 मध्ये केन्सेथने इलियट सॅडलरला मागे टाकलं, लगेच पिवळा झेंडा, लगेच पाऊस. 200 पैकी 152 फेऱ्यांवर खेळ आटोपला. सॅडलरच्या हातातून आयुष्यातली सर्वांत मोठी शर्यत एका फेरीच्या आत निसटली.

जुलै 2019 चं तर याहून मजेशीर. कर्ट बुश पुढे होता. पुढच्या फेरीला शर्यत पुन्हा सुरू होणार असं सांगितलं गेलं, म्हणून तो इंधनाला आत वळला. जस्टिन हेली नावाचा पोरगा, या मालिकेतली त्याची तिसरी शर्यत, बाहेरच राहिला. तेवढ्यात जवळ वीज कडाडली. आठ मैलांच्या आत वीज पडली की अर्धा तास सगळं बंद, हा नियम. अर्धा तास संपत आला की पुन्हा वीज, मग पाऊस. हेली ताडपत्रीखालच्या गाडीने जिंकला.

"हे काय जिंकणं?" असं पुष्कळ जण म्हणतात. मला ते पटत नाही. आभाळ सगळ्यांनाच दिसत होतं. थांबायचा निर्णय एका छोट्या संघाने घेतला. उलट, ऑगस्ट 2022 मध्ये आघाडीच्या गाड्या पूर्ण वेगात पहिल्या वळणात शिरल्या आणि पाऊस तिथेच त्यांची वाट बघत होता. सगळ्या घसरून एकमेकींवर गेल्या, आणि मागून येणारा ऑस्टिन डिलन त्या राड्यातून वाट काढून पुढे निघाला. तीन तासांहून जास्त थांबल्यावर उरल्यासुरल्या गाड्यांनिशी शर्यत संपवली, आणि तोच जिंकला. त्याला नशीबवान म्हणा हवं तर. पण पाऊस दिसत असताना तेवढ्या गाड्यांना हिरव्या झेंड्यात ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांना मी अजून माफ केलेलं नाही.

2014 चं राहिलं. रात्री साडेआठच्या सुमारास गाड्या सुटल्या. माझे मोजे ओले होते, सहकाऱ्याने त्याचा कोरडा जोड मला दिला होता, एव्हाना तोही भिजला होता. अकरा वाजून गेल्यावर डेल अर्नहार्ट ज्युनिअर जिंकला, ज्या ट्रॅकवर त्याचे वडील गेले त्याच ट्रॅकवर, डेटोना 500 दुसऱ्यांदा. कुळकथा सांगणाऱ्या आजी खुर्चीवर उभ्या राहून ओरडत होत्या. त्यांच्या मुलाने त्यांना कमरेला धरून ठेवलं होतं.

मामांना हे सगळं सांगून झालंय, तरी पुढच्या फेब्रुवारीत ते विचारणारच. गेल्या जूनमध्ये व्हिडिओ कॉल लावला तर ते ओटीवर झोपाळ्यात. फोन बाहेर वळवून त्यांनी पागोळ्या दाखवल्या. दुपारी बाजारात जायचं होतं, जोर कमी झाला की निघणार होते.

"कधीपासून बसलायत?" मी विचारलं.

"सकाळपासून," मामा म्हणाले. "तू गप्प बस."