एकाच महिन्यात मेजर आणि ब्रिगेडियर जनरल

साताऱ्याकडे 'मानद कॅप्टन' (निवृत्तीच्या सुमारास सन्मान म्हणून मिळालेला हुद्दा) कुणाला म्हणतात हे समजावून सांगावं लागत नाही. अपशिंगे मिलिटरी या फौजींच्या गावात तर शाळेतली पोरंही सांगतील. पण ब्रिटिश अधिकाऱ्याची कारकीर्द वाचायला घेतली की भलेभले गोंधळतात, कारण तिथे एकाच माणसाला एकाच वेळी दोन-तीन हुद्दे असतात.

एड्रियन कार्टन द विआर्तचंच बघा. पलटण चौथी ड्रॅगून गार्ड्स, म्हणजे घोडदळ. पहिलं महायुद्ध मात्र त्यानं बरंचसं घोड्याशिवाय लढलं. नोव्हेंबर १९१४ मध्ये तो सोमालीलँडच्या उंटदळात होता. तिथे डावा डोळा गेला. १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रजवळ डावा पंजा गेला. खंदकांच्या लढाईत घोडदळाला फारसं काम नव्हतं आणि पायदळाचे कमांडिंग ऑफिसर भराभर पडत होते, म्हणून असे अधिकारी पायदळाकडे जात. हा पायदळाच्या आठव्या ग्लॉस्टरशायर बटालियनवर प्रमुख म्हणून आला. २-३ जुलै १९१६ ला, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत, ला ब्वासेल गावात आणखी तीन बटालियनांचे प्रमुख कामी आले किंवा जखमी झाले, तेव्हा त्यांच्या तुकड्याही यानंच सांभाळल्या. एकच हात, म्हणून हातबॉम्बची पिन दातांनी उपसायची! त्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आता या पदकाची ९ सप्टेंबर १९१६ ची गॅझेटमधली, म्हणजे सरकारी राजपत्रातली, नोंद वाचा: कॅप्टन, पुढे कंसात तात्पुरता लेफ्टनंट कर्नल, ड्रॅगून गार्ड्स. ग्लॉस्टरशायरच्या यादीत त्याला शोधणारा इथेच फसतो. आधी लिहिलेला हुद्दा कायमचा, कंसातला नेमणुकीपुरता. रेजिमेंट मूळची, लढला ती नव्हे. आणि तारीख छापल्याची, लढाईची नाही. इथेच दोन महिन्यांचा फरक आहे.

ब्रेव्हेट हा प्रकार आणखी चकवतो. सैन्यात हुद्दा वरचा, पण रेजिमेंटमधली जागा जुनीच. १ जानेवारी १९१७ ला तो ब्रेव्हेट मेजर झाला आणि त्याच महिन्यात १२ व्या ब्रिगेडचा तात्पुरता ब्रिगेडियर जनरल. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. नेमणूक संपली की तात्पुरता हुद्दा जाई, ब्रेव्हेट मात्र राही. डिसेंबर १९२३ मध्ये तो निवृत्त झाला तो मानद मेजर जनरल म्हणून, म्हणजे आपल्याकडचाच प्रकार, फक्त बराच वरचा.

१९३९ मध्ये त्याला पुन्हा बोलावलं, पोलंडमधल्या लष्करी मिशनसाठी. पुढच्या एप्रिलमध्ये नॉर्वेतल्या नामसोस बंदराची मोहीम. तिथे सगळं पुरवठ्यावर अडलं: विमानविरोधी तोफा नाहीत, आणि फ्रेंच डोंगरी सैनिकांच्या स्की आल्या पण त्या बांधायचे पट्टेच आले नाहीत. बर्फात अशी फौज रस्ता सोडून हलू शकत नाही. मेच्या सुरुवातीला माघार.

१९४१ मध्ये लिबियाजवळ विमान समुद्रात पडलं आणि तो इटालियनांच्या कैदेत गेला. फ्लॉरेन्सजवळच्या विंचिल्याता किल्ल्यात कैद्यांनी सात महिने खपून सुमारे ६० फूट भुयार खणलं. मार्च १९४३ मध्ये सहा जण निसटले. हा आठ दिवसांनी सापडला. त्याच वर्षी इटलीनं सोडल्यावर ऑक्टोबरमध्ये तो चिनी नेता चँग कै-शेककडे चीनला गेला, तेव्हाचा लेफ्टनंट जनरल हुद्दाही कार्यकारी, म्हणजे कामापुरता. त्यामुळे '१९४० मध्ये लेफ्टनंट जनरल कार्टन द विआर्त' असं कुठे वाचलंत, तर तो हुद्दा कायमचा समजू नका.