एंटरच्या आधी मी का थांबते

"ताई, तुम्हाला सगळे शॉर्टकट पाठ आहेत, मग मागची कमांड परत आणायला अप अ‍ॅरो मारल्यावर एंटरच्या आधी कंट्रोल-आर दाबून थांबता कशाला? लिनक्सवर त्याने जुनी कमांड शोधतात, इथे तर काहीच होत नाही!" हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसात दर नव्या बॅचमधलं कोणीतरी हे विचारतंच. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट लिहिते.

काहीच होत नाही असं नाही. सिस्को कंपनीच्या राउटरवर जी आयओएस ही सिस्टीम चालते, तिच्यात कंट्रोल-आरने चालू ओळ नव्याने छापली जाते. मला तेवढंच हवं असतं.

मला शॉर्टकटची भीती बसलेली नाही. ओळीच्या सुरुवातीला जायला कंट्रोल-ए, शेवटी जायला कंट्रोल-ई, मागचा शब्द उडवायला कंट्रोल-डब्ल्यू, सगळं बोटांत आहे. हिस्टरीत, म्हणजे बाणाने परत आणता येणाऱ्या यादीत, मुळात १० कमांड राहतात, मी लॉगिन केल्याबरोबर त्या २५६ करून घेते. पूर्वी पूर्ण कमांड टाइप करणाऱ्यांना मी तोंडावर मंद म्हणायचे. ते चुकलंच माझं.

एका रात्री साताऱ्याकडच्या एका शाखेचा राउटर पुण्यातून एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून दूरून लॉगिन करून, उघडला होता. गिगाबिट ०/२ रिकामा पोर्ट. त्यावर 'नो सीडीपी एनेबल' दिलं (शेजारच्या उपकरणांना स्वतःची ओळख सांगणं बंद), मग 'शटडाउन', म्हणजे पोर्टच बंद. तिथून 'इंटरफेस' कमांड देऊन गिगाबिट ०/१ या पोर्टमध्ये गेले. ही शाखेची एकुलती एक लिंक, माझं सेशनही तिच्यावरूनच चाललेलं. इथेही 'नो सीडीपी एनेबल' द्यायचं होतं, म्हणजे अप अ‍ॅरो तीनदा. टर्मिनल मॉनिटर चालू होता, म्हणजे राउटरचे संदेश (लॉग) माझ्या स्क्रीनवर येत होते. बाण दाबत असतानाच ०/२ बंद झाल्याचा लॉग माझ्या ओळीवर येऊन पडला आणि ओळ दिसेनाशी झाली. तीनदा दाबलं असं मी धरून चालले आणि एंटर मारलं. दोनदाच दाबलं गेलं होतं.

दोन बाण मागे 'शटडाउन' होतं.

स्क्रीन गोठली. अप अ‍ॅरो, कंट्रोल-ए, पुढे 'नो', एंटर: उपाय एवढाच होता, पण तो राउटरपर्यंत न्यायला वाट उरली नव्हती. रात्री दीड वाजता शाखेच्या वॉचमनकाकांना फोन केला. काका म्हणाले, "मशीनला हात लावायचा नाही असं सांगितलंय मला." त्यांचं बरोबरच होतं. खोलीची किल्ली मॅनेजरकडे, मॅनेजर झोपलेले. ते आले, काकांनी माझ्या सांगण्यावरून प्लग काढला आणि परत लावला. बदललेलं कॉन्फिग (राउटरची सेटिंग्ज) सेव्ह केलं नव्हतं, म्हणून राउटर जुन्या कॉन्फिगवर उठला. तोवर तीन वाजत आले होते. काका मला परत परत विचारत होते, "माझ्याकडून काही बिघडलं नाही ना, ताई?" ते अजून कानात आहे.

'लॉगिंग सिंक्रोनस लावा, ओळ आपोआप परत येते,' असं तुम्ही म्हणाल. लावते. पण दुसऱ्याच्या राउटरवर ते लावलेलं असेलच असं नाही. आणि खरं सांगायचं तर आधी 'रिलोड इन १०' (दहा मिनिटांनी आपोआप रीस्टार्ट) दिलं असतं, तर राउटर स्वतःच उठला असता, काकांना कोणी उठवलं नसतं. ही कमांड मला तेव्हाही येत होती. पाच मिनिटांच्या कामाला कशाला, असं वाटलं होतं. म्हणजे दोष बाणाचा होता का? मला तसं म्हणवत नाही. गेल्या महिन्यात पूर्ण कमांड हाताने टाइप करतानाही माझा इंटरफेसचा आकडा चुकलाच होता.