यूटी लेव्हल टूची प्रॅक्टिकल, दुसऱ्या वेळी

परवा रिझल्ट लागला, अल्ट्रासॉनिक टेस्टिंगची (यूटी, म्हणजे ध्वनिलहरी सोडून धातूच्या आतले दोष शोधायची तपासणी) लेव्हल टू परीक्षा पास झाले. पहिल्या वेळी जनरल आणि स्पेसिफिक दोन्ही पेपर मस्त गेले होते पण प्रॅक्टिकलला अडकले, आणि प्रत्येक भागात कमीत कमी 70 टक्के नि सरासरी 80 लागते, मग काय, परत फी भरा परत बसा.

मी बडोद्याची, दांडिया बाजारातून रोज स्कूटीवर मकरपुरा जीआयडीसीत कामाला जाते. प्रेशर व्हेसलचे, म्हणजे आत दाब असणाऱ्या टाक्यांचे, वेल्ड तपासायचं काम, म्हणून हे सर्टिफिकेट मला हवंच होतं. आत राहिलेली क्रॅक बाहेरून दिसत नाही आणि त्या व्हेसलशेजारी रोज माणसं उभी असतात, हे मला खरंच मनाला लागतं.

पहिल्या वेळी काय चुकलं ते सांगते. 20 मिलिमीटरची प्लेट, सिंगल व्ही वेल्ड (एकाच बाजूनं व्ही आकारात भरलेला जोड), 60 डिग्रीचा प्रोब, म्हणजे लहरींचा बीम उभ्या रेषेपासून 60 अंश तिरपा सोडणारा. स्क्रीनवर 42 मिलिमीटरवर मोठा पीक (परत आलेल्या लहरीचा उंचवटा) आला आणि मी रूटला, म्हणजे वेल्डच्या तळाला, क्रॅक म्हणून लिहून मोकळी. नंतर आमच्या सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "अगं, 42चा बीम पाथ हे तिरपं अंतर, 60च्या प्रोबला खोली त्याच्या निम्मी, म्हणजे 21. प्लेट 20ची आहे, मग डिफेक्ट प्लेटच्या बाहेर कसा गेला?" तो पीक खालून जरा बाहेर आलेल्या रूट बीडचा, म्हणजे तळाच्या वेल्ड धातूचा, होता. रूटला खरंच पेनिट्रेशन कमी असतं, म्हणजे वेल्ड तळापर्यंत पोचलाच नसता, तर पीक 40च्या आत आला असता, आणि दोन्ही बाजूंनी आला असता.

त्यानंतर दीड महिना रोज रात्री जेवण झालं की ग्राफ पेपर घेऊन बसायचे, वेल्डचं सेक्शन खऱ्या मापात काढायचं, त्यावर 60ची रेघ ओढायची, खाली आपटून वर जाते ती पण. आई म्हणायची, "पुन्हा भूमिती काढलीस होय!" पण त्यानेच जमलं.

दुसऱ्या वेळी आधी व्ही-वन ब्लॉकवर (ठरलेल्या मापाचा स्टीलचा ठोकळा) शांतपणे कॅलिब्रेशन केलं. 100च्या रेडियसवर पीक जास्तीत जास्त उंच आणून इंडेक्स पॉइंट, म्हणजे प्रोबमधून बीम बाहेर पडतो ती जागा, बघितला, मग अँगल, कारण शू (प्रोबचा तळ) घासला की 60चा प्रोब 60चा राहत नाही. मग प्लेटवर ग्रीस लावून स्कॅनिंग. एका जागी 64 वर एकदम टोकदार पीक उठला. हात लगेच थरथरला पण मार्क नाही केलं, आधी हिशोब केला, 64ची निम्मी 32, पण खालून आपटून आलेला बीम म्हणून प्लेटची दुप्पट 40 वजा 32, खोली 8. पट्टीनं सरफेस डिस्टन्स (प्रोबपासूनचं आडवं अंतर) मोजलं तर जागा सेंटरलाइनच्या 7 मिलिमीटर अलीकडे, ट्रेसिंगवर बरोब्बर बेव्हलच्या, म्हणजे प्लेटच्या तिरप्या कापलेल्या कडेच्या, रेघेवर बसली. पलीकडून प्रोब लावला तर पीक अगदी बारका. बेव्हल 30ची असली की 60चा बीम वर जाताना तिला काटकोनात लागतो, म्हणून अलीकडून एवढा उंच. साइडवॉल लॅक ऑफ फ्यूजन, म्हणजे वेल्ड त्या कडेला चिकटलाच नाही, हे मी यावेळी खात्रीनं लिहिलं. 6 डीबी ड्रॉपनं, म्हणजे पीक निम्म्यावर येतो त्या जागा धरून, दोन्ही टोकं काढली, लांबी 22 भरली.

रूटवर 42-43चे पीक यावेळी पण आले, त्यांच्यापुढे नुसतं "रूट बीड" लिहिलं.

सोमवारपासून 12 मिलिमीटरचे जॉइंट आहेत, त्याला 70चा प्रोब लागेल. त्याचा ग्राफ आज रात्री काढणार आहे.