वायफायच्या प्रिंटरला वायर कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या घरी आलेला माणूस चहाचा कप खाली ठेवायच्या आत विचारतोच, ‘काय की हो, प्रिंटर वायफायचा आणि वायर लावून ठेवलाय?’ आजवर ‘स्पीड मिळतो’ म्हणून वेळ मारून नेली. महिन्या-दोन महिन्यांनी चार पानं काढणाऱ्याला स्पीड कसला डोंबलाचा!

जूनमधली रात्र. दुसऱ्या दिवशी मुलीची परीक्षा कोल्हापूरला, पहाटे निघायचं, आणि हॉलतिकीट लॅपटॉपमध्येच. साडेदहा वाजलेले, झेरॉक्सची दुकानं बंद. प्रिंट दिली की ‘ऑफलाइन’. प्रिंटरवरचा निळा दिवा मात्र ढळत नव्हता, म्हणजे तो आपल्या परीनं हजर होता. बंद केला, चालू केला, परत प्रिंट दिली. अशा सात वेळा. सातव्यांदा तरी काय वेगळं होणार होतं, पण बोट ऐकत नाही.

तेवढ्यात मधल्या खोलीतून आई म्हणाली, ‘ते दिव्याचं डबडं मी रोज रात्री बंद करते बाळ. उगंच जळत असतंय.’

डबडं म्हणजे राउटर. कारण ठाऊक होतं. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत करंट फुकट, पण दोनशे युनिटं ओलांडली की सगळं बिल अंगावर येतं. त्यामुळं घरातले दिवे मालवत फिरणं हे तिनं आपलं काम करून घेतलेलं. दहा वॅटचं यंत्र रात्री आठ तास बंद ठेवून महिन्याला अडीच युनिटंसुद्धा वाचत नाहीत, हा हिशेब मी तिला तिथंच, ओरडून, सांगितला. शेवटी म्हणालो, ‘तुला कळत नाही त्याला हात लावत जाऊ नको.’ मुलगी बघत होती. आई भिंतीला हात लावत आत गेली.

आता माझी बाजू. मी साफ चुकीचं बोललो नव्हतो. राउटर चालू झाला की घरातल्या प्रत्येक यंत्राला एकेक पत्ता वाटतो, आणि दर वेळी तोच देईल असं नाही. प्रिंटरला नवा पत्ता मिळालेला, लॅपटॉप जुन्यावरच पानं धाडतोय. 2014 साली बेळगावचं बेळगावी झालं तरी जुन्या नावाची पत्रं पोचतात. लॅपटॉपला तेवढी समज नाही. पण हे मला कळलं दोन दिवसांनी, भाच्याकडून. त्या रात्री मला यातलं काही ठाऊक नव्हतं. म्हणजे कारण कळायच्या आधीच मी गुन्हेगार ठरवून मोकळा झालो होतो. आणि राउटरमध्ये जाऊन प्रिंटरचा पत्ता कायमचा बांधून टाकणं हे दहा मिनिटांचं काम. ते करायचं राहिलं होतं माझं, आईचं नव्हे.

पावणेबाराला खोक्याच्या तळाशी वायर सापडली, प्लास्टिकच्या पट्टीनं अजून बांधलेली. जोडली, पान आलं, पण फोटोवर पांढरे पट्टे. दोन महिने न वापरल्यामुळं शाई सुकलेली. हेड क्लीनिंग दोनदा केलं. त्यात शाई जाते, जाऊ दे म्हटलं. सव्वाबाराला मुलीचा चेहरा धड उमटला.

भाच्यानं पत्ता बांधल्याबरोबर अडकलेली सातही हॉलतिकिटं एकामागून एक बाहेर आली. परीक्षा होऊन गेलेली. आई आता त्यांच्या पाठीवर दुधाचा हिशेब लिहिते.

म्हणजे वायरची गरज उरलेली नाही, हे मलाही कळतं. पण वायर असली की राउटर रात्री बंद राहिला तरी काही बिघडत नाही. आईनं खुशाल बटण दाबावं म्हणून ती ठेवलीय. ती दाबत नाही. राउटरचंच नव्हे, कुठलंच. दिवेलागणीला देवापुढं निरांजन लावते आणि आमच्यापैकी कुणी येईपर्यंत तेवढ्या उजेडात बसून राहते. कधी वाटतं, मुद्दाम करते. कधी वाटतं, खरंच भ्यालीय. बायको म्हणते, एकदा नीट माफी मागा. मागितली की! ‘त्यात काय एवढं’ म्हणाली.

परवा झोपायला जाताना मी म्हटलं, ‘आई, ते डबडं बंद करून टाक जाता जाता.’

‘तूच कर बाळ,’ ती म्हणाली. ‘मला त्यातलं कळत नाही.’