अंगणातला कॅमेरा आणि रात्रीचा पांढरा ढग

३ मे

गुहागर तालुक्यातलं गावचं घर. आई-आबा दोघंच असतात, मी महिन्यातून दोनदा डोंबिवलीहून येतो. गेल्या पावसाळ्यात लावलेल्या माडाच्या रोपांपैकी तीन कुणीतरी बुंध्याशी उकरून खाल्ली. आबांचं मत साळिंदर, शेजारच्या काकांचं मत रानडुक्कर. कॅमेऱ्याचं मत: पांढरा ढग.

कॅमेरा २ मेगापिक्सेलचा बुलेट (नळकांड्याच्या आकाराचा), पडवीच्या वळचणीखाली बसवलेला. खोक्यावर ‘नाइट व्हिजन २० मीटर’, म्हणजे अंधारात त्याचे स्वतःचे इन्फ्रारेड एलईडी लागतात, डोळ्याला जवळजवळ न दिसणाऱ्या उजेडाचे. दिवसा चित्र झकास, रात्री नुसतं पांढरं धुकं. दुकानदार म्हणाला, ५ मेगापिक्सेलचा घ्या. नको म्हटलं. सोनीचे आयएमएक्स३२७ (२ मेगापिक्सेल) आणि आयएमएक्स३३५ (५ मेगापिक्सेल) हे दोन्ही सेन्सर १/२.८ इंचीच, पहिल्याच्या पिक्सेलची बाजू २.९ मायक्रॉन, दुसऱ्याच्या २. म्हणजे एकेका पिक्सेलच्या वाट्याला निम्म्याहून कमी जागा. अंधारात ते परवडत नाही.

आधी मोजमाप. अंगणात दर दोन मीटरवर चुन्याची रेघ मारली आणि रात्री आबांना कालनिर्णयचं पान धरून एकेका रेघेवर उभं केलं. आकडा वाचता आला पाहिजे, एवढीच परीक्षा. ४ मीटरला कसाबसा वाचता आला, ६ ला पान नुसतं कोरं. गंमत म्हणजे रविवारचे लाल आकडे २ मीटरवरूनही गायब! लाल शाई इन्फ्रारेडला जवळजवळ पारदर्शक असते, काळीच तेवढी टिकते. आबांची काळी पॅंटही पडद्यावर राखाडी-पांढरी दिसत होती. ‘चोर पांढऱ्या कपड्यात होता’ असं रात्रीच्या फुटेजवरून कुणी सांगितलं, तर मी आता विश्वास ठेवणार नाही.

४ मे

शिडी लावून वर गेलो. काचेवर जळमटं, त्यात चिलटं, आणि खाऱ्या हवेचा चिकट थर. कोळ्याला कॅमेरा का आवडतो ते उघड आहे: ऊब आणि आयती शिकार. दिवसा ती जाळी दिसतही नाही, पण रात्री एलईडीपासून दोन बोटांवर असल्याने ट्यूबलाइटसारखी पेटते. ओल्या मऊ फडक्याने काच पुसली. आबा कोळ्यांसाठी रॉकेलचा बोळा घेऊन आले होते. तो फक्त ब्रॅकेटला लावू दिला, प्लास्टिकला नाही. आकडा ५ मीटरपर्यंत.

१७ मे

आज खरा गुन्हेगार सापडला असं वाटलं. वळचणीची रीप लेन्सपासून अर्ध्या मीटरवर, फाटक १२ मीटरवर. अंतर चोवीस पट, म्हणजे फाटकावर पडणारा उजेड पावणेसहाशे पट कमी. रीप पांढरीफटक दिसते, कॅमेरा समजतो की उजेड भरपूर आहे, आणि एक्स्पोजर खाली ओढतो. डावीकडे जास्वंद होतीच. हिरवी पानं इन्फ्रारेड जोरात परत फेकतात, त्यामुळे रात्री ती बर्फ पडल्यासारखी दिसत होती.

आईची परवानगी काढून जास्वंद छाटली, कॅमेरा वळचणीच्या बाहेर येईल असा लांब ब्रॅकेट लावला, आणि वरच्या अर्ध्या एलईडींवर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी मारली. ७ मीटर. खूश होऊन झोपलो.

सकाळी आईचा आवाज: “अरे, दिवसाढवळ्या टीव्ही काळा-पांढरा कसा?” उजेड ओळखणारा छोटा सेन्सरही त्याच पट्टीखाली झाकला होता. कॅमेऱ्याच्या लेखी अजून रात्रच. पट्टीला तेवढं भोक पाडलं. टक् असा आवाज करत आतला, दिवसा इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर जागेवर आला आणि रंग परतले.

३१ मे

आई म्हणाली, रात्री चित्र मधूनच जातं आणि येतं. ही तक्रार जुनीच, पण मी ती वायरीच्या सांध्यावर ढकलत आलो होतो. आज मल्टिमीटर घेऊन बसलो. एसएमपीएसपाशी (कॅमेऱ्यांना १२ व्होल्ट पुरवणारा डबा) १२.१ व्होल्ट. चाळीस मीटर ३+१ केबलच्या (चित्र आणि पॉवर एकत्र नेणाऱ्या) टोकाला, कॅमेऱ्यापाशी, दिवसा ११.२. सात वाजता इन्फ्रारेड लागला आणि काटा, म्हणजे आकडा, १०.३ वर आला. एलईडी लागले की करंट जवळजवळ दुप्पट होतो आणि त्या केसासारख्या वायरीत व्होल्टेज गळतं. एलईडी मंद होतात, आणि अगदीच कमी पडलं की कॅमेरा बंद पडून पुन्हा चालू होतो.

एसएमपीएसवरचा छोटा स्क्रू फिरवून व्होल्टेज वाढवता येतं, पण त्याच्यावर अगदी जवळचा दुसरा कॅमेराही आहे. त्याला का छळा? दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर फक्त पॉवरसाठी वेगळी ओढली. रात्री ११.६. ९ मीटर, आणि मधूनच चित्र जाणं बंद. हे काम मी सगळ्यात आधी करायला हवं होतं. मल्टिमीटर घरात असून महिनाभर फडकी मारत बसलो.

१ जून

सकाळी निघण्याआधी ओएसडी मेनू, म्हणजे कॅमेऱ्याची पडद्यावरची सेटिंग. शटर ऑटोवर होतं आणि अंधारात इतकं मंद व्हायचं की चालणाऱ्या आबांचा धूर व्हायचा. १/२५ सेकंदाला बांधलं. थोडं काळवंडलं, पण माणूस माणसासारखा दिसला. नॉइज रिडक्शनही (चित्रातले दाणे पुसणारी सोय) निम्म्यावर आणलं. जास्त ठेवलं की हलत्या गोष्टीमागे शेपूट राहतं.

१४ जून

मृगाचा पाऊस सुरू. थेंब एलईडीसमोरून पडताना सगळं चित्र रेघारेघांचं. म्हणून ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचा, ६० अंशांचा, १२ व्होल्टचा वेगळा इल्युमिनेटर (इन्फ्रारेड दिवा) मांगराच्या (बाहेरच्या खोपीच्या) कोपऱ्यावर लावला, कॅमेऱ्यापासून चांगला पाच मीटर पुढे, आणि कॅमेऱ्याचे स्वतःचे एलईडी मेनूतून बंद केले. ९४० वाला डोळ्याला अजिबात दिसत नाही, पण सेन्सरलाही कमीच दिसतो, म्हणून ८५०. अंधुक लाल ठिपका दिसतो. साळिंदराला त्याचं काय?

आकडा १३ मीटर, फाटकाच्याही पलीकडे. पाखरं आता मांगराच्या कोपऱ्यावर जमतात, लेन्स मोकळी.

आणि रात्री १.४० ला रोपापाशी आलं. काटे स्पष्ट मोजता येतील असं. सकाळी फुटेज दाखवलं, आबा चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, “साळिंदर. महिनाभर काय सांगत होतो?” आणि लगेच नवीकोरी जस्ताची जाळी आणून उरलेल्या रोपांभोवती ठोकली.

ती जाळी इल्युमिनेटरपासून दीड मीटरवर येते. त्या रात्री पुन्हा पांढरा ढग. पुढच्या खेपेला काळा रंग नेतोय, पण तोही आबांच्या पॅंटसारखा निघू नये म्हणून आधी एका तुकड्यावर लावून बघणार.